पेटी निरंक नाहीये

थांबा, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय. घरी जाऊन, चहा घेऊन, नीट बसून वगैरे नाही. आत्ता! मी अजून माझ्या जुन्या शाळेच्या गेटबाहेर स्कूटीवरच बसलेय, हेल्मेट आरशाला लटकतंय आणि दोन्ही अंगठ्यांनी टाइप करतेय, त्यामुळे काना-मात्रा इकडेतिकडे झाल्या तर चालवून घ्या.

झालं असं की माझा शाळा सोडल्याचा दाखला हरवला. (मीच हरवला, पण घरी सांगताना ‘हरवला’ एवढंच सांगितलंय.) नोकरीसाठी डुप्लिकेट पाहिजे, म्हणून आज सकाळी नाशिकहून निघाले आणि पिंपळगावच्या अलीकडे आमच्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आले. गेटपाशी पोचले तर आत परिपाठ चालू. एक बारीकशी मुलगी माइकवर वाचत होती. सुविचार झाला, बातम्या झाल्या आणि मग ती म्हणाली, “गेल्या आठवड्यात पेटीत चार चिठ्ठ्या आल्या. चारही वाचल्या.”

बस्स. एवढंच. पुढे लगेच दिनविशेष. ओळीतली मुलं जांभया देत होती, एक जण पुढच्याच्या दप्तराचा बंद ओढत होता. आणि मी गेटबाहेर उभी राहून रडतेय! दुधाची कॅन घेऊन चाललेल्या एका काकांनी गाडी थांबवून विचारलं, “काय झालं पोरी, पडलीस का?”

नाही काका, पडले नाही. पण हे का एवढं लागलं ते सांगायला मला पहिल्यापासून सांगावं लागेल.

मी आठवीत होते. आठवी म्हणजे आमच्या शाळेतली सगळ्यात मोठी इयत्ता, त्यामुळे आम्हाला भयंकर भाव. घंटा द्यायला आम्ही, खिचडी वाढायला आम्ही, आणि माइक माझ्याकडे, कारण माझं तोंड तसंही बंद नसायचं, तर म्हटलं त्याचा काहीतरी उपयोग होऊ दे. रोजचा परिपाठ मीच घ्यायचे. आणि दर सोमवारी शेवटी एक ओळ असायची: “गेल्या आठवड्यात तक्रार पेटी निरंक.”

निरंक हा सरकारी शब्द. म्हणजे काहीच आलेलं नाही, रजिस्टरात लिहावं असं काही नाही. एक सर मला कागदावर ती ओळ लिहून द्यायचे, मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, रजिस्टरवर सही करायच्या, आणि मी अशी काही झोकात ‘निरंऽऽक’ म्हणायचे की जणू काही आम्ही कप जिंकलाय.

पेटी म्हणजे पत्र्याची लाल पेटी. वर फट, खाली बारकं कुलूप. कोणी मारत असेल, कोणी नको तसं हात लावत असेल, घरी-दारी काही त्रास असेल तर मुलांनी लिहून टाकायचं, नाव घातलं नाही तरी चालेल. एकदम भारी कल्पना. फक्त ती टांगली होती मोठ्या बाईंच्या ऑफिसच्या दाराशेजारी, आणि तिच्या बरोब्बर समोर सगळ्या वर्गांची दारं. पेटीजवळून कोणी नुसतं हळू चाललं तरी वर्गातून “ओऽऽ ओऽऽ ओऽऽ” सुरू व्हायचं. एकदा माझ्या मैत्रिणीचा रुमाल पेटीखाली पडला, ती उचलायला वाकली, तर मधल्या सुट्टीपर्यंत तिला निम्म्या शाळेने विचारलं, “कोणाचं नाव टाकलं गं?” तिने पुन्हा रुमालच आणला नाही.

तर अशी ती पेटी, आणि असा आमचा निरंक.

जानेवारीपासून आमच्याकडे द्राक्षांचा सीझन. पेठ-सुरगाण्याकडची माणसं पॅकहाऊसमध्ये द्राक्षं निवडून खोक्यांत भरायच्या कामाला येतात, सोबत लेकरं असतात. ती लेकरं तेवढे तीन-चार महिने आमच्या शाळेत बसतात आणि एक दिवस येतच नाहीत. त्या वर्षी दुसरीत अशीच एक छोटी आली. दोन वेण्या, एकीला लाल रिबीन, एकीला निळी. मी विचारलं, “हे काय गं, फॅशन का?” तर म्हणाली, “एकेक हारवली, मंग उरलेल्या दोघींची जोडी लावली.”

मला ती त्याच क्षणी आवडली.

ती आमच्याच खोल्यांत राहायची. पप्पांनी मळ्याच्या कडेला, हायवेला लागून, चार पत्र्याच्या खोल्या बांधल्यात, सीझनला भाड्याने देतात. आमचं घर बागेच्या दुसऱ्या टोकाला, आत. त्यामुळे तिकडे आमचं फारसं जाणं नसायचं.

ही छोटी खिचडीच्या ओळीत कायम पहिली. डबा पुढे करायची आणि म्हणायची, “ताई, दाबून वाढ.” मी दाबून वाढायचे. “ताई, आजून.” मी अजून वाढायचे. एकदा मी मागे वळून खिचडीवाल्या मावशींना म्हटलं, “मावशी, हिचं पोट आहे का पोतं?”

“खाऊ दे गं,” मावशी मोठ्या पळीने पातेलं खरवडत म्हणाल्या, “तुझ्या बापाची खिचडी हाये का?”

पण मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की मी हिला खाताना कधी बघितलंच नाहीये. ती डबा भरून घ्यायची, झाकण लावायची आणि गायब. घंटा झाल्यावर धापा टाकत परत यायची. आता मला काही कळलं नाही की माझ्या पोटात दुखतं, हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. म्हणून दुसऱ्या दिवशी मी वाढायचं काम मैत्रिणीवर ढकललं आणि तिच्या मागे पळाले.

ती खोल्यांकडे गेली. दुसऱ्या नंबरच्या खोलीच्या मागे द्राक्षांचं एक क्रेट पालथं घातलेलं होतं, त्यावर चढली. वर छोटी खिडकी, तिला गज.

“हात धुतले का?” ती खिडकीला म्हणाली.

आतून आवाज आला, “पाणी संपलं.”

“सकाळी भरून ठेवलं हुतं ना?”

“सांडलं.”

मग गजांतून एक बारकं तोंड दिसलं. चारेक वर्षांचा मुलगा. तोंड लालबुंद, केस ओले होऊन कपाळाला चिकटलेले. छोटी डब्यातली खिचडी हाताने कालवून एकेक घास आत द्यायची, तो खायचा. मध्येच त्याने मला बघितलं आणि ओरडला, “गिऱ्हाईक आलं!”

छोटी अशी दचकली की क्रेटवरून पडलीच असती. मी तिला धरलं.

“काय पायजे?” तो मला विचारत होता. गजांना दोन्ही हातांनी धरून, एकदम दुकानदारासारखा.

“काय काय आहे?” मी म्हटलं.

“बिस्कुट हाय. वडापाव हाय. बस हाय.”

“बस पण विकतोस?”

“हां. पेठची.” आणि त्याने बाटलीचं एक चेपलेलं बूच गजांतून माझ्या हातावर ठेवलं. “घ्या. नीट धरा, पळती ती.”

मी हसले. आणि हसता हसता मला आतला वास आला. कोपऱ्यात एक बादली होती, ती कशासाठी ते त्या वासावरूनच कळत होतं. पत्रा वरून असा तापलेला की गजांतून गरम वाफ तोंडावर येत होती. मी फिरून पुढच्या बाजूला गेले. दाराला बाहेरून कुलूप.

“आई सातला कामावर जाती, सातला येती,” छोटी मागून म्हणाली. “बाबा गाडी भरायला लांब जात्यात. मी शाळेत. मंग ह्याला कोण बघंल? ह्यो लय पळतो.”

मी त्या कुलपाकडे बघत होते. पितळी, जुनं, आणि त्याच्या कडेला गुलाबी नेलपॉलिशचा ठिपका.

तो ठिपका मी दिलेला होता! आमच्या घरात इतकी कुलपं आहेत की कुठली किल्ली कुठल्याची ते कळत नाही, म्हणून मी सहावीत असताना सगळ्यांना रंगीत ठिपके दिले होते. गुलाबी म्हणजे ट्रॅक्टरच्या शेडचं जुनं कुलूप. त्याची दुसरी किल्ली, तसल्याच ठिपक्याची, आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला लटकलेली होती.

“ताई,” छोटीने माझा ड्रेस ओढला, “कोणाला सांगू नको. आईला बोलतील. मंग आई आमाला आजीकडं नेऊन टाकंल. तिथं शाळा नाय, तिथं बकऱ्या हायेत. सांगू नको. शप्पत घे.”

मी गळ्याला चिमूट लावून शपथ घेतली. आणि खरं सांगते, मी ती पाळणार होते. सहा तास तरी पाळली.

संध्याकाळी पप्पा ओट्यावर बसून फवारणीच्या पंपाचं नोझल साफ करत होते. माझे पप्पा म्हणजे जगातला सगळ्यात मऊ माणूस. मांजर गाडीच्या बॉनेटवर झोपलं तर तिची झोप होईपर्यंत गाडी न काढणारा माणूस. मी विचारलं, “पप्पा, ट्रॅक्टरच्या शेडचं जुनं कुलूप कुठंय?”

“दिलं दोन नंबरच्या खोलीला. का गं?”

“तुम्ही दिलं?”

“मीच दिलं. ते पोरगं दोनदा हायवेवर गेलतं. दुसऱ्यांदा टेम्पोवाल्याने ब्रेक मारला म्हणून वाचलं. त्याच्या आईला म्हटलं, बाई, हे घे, लावत जा.” आणि माझ्याकडे बघून हसले. जणू काही मी आता शाब्बास म्हणणार.

“पप्पा, तो दिवसभर एकटा असतो आत.”

“मग रोडवर मरू द्यायचं का?”

“पण पप्पा...”

“हे बघ बेटा, दुसऱ्याच्या लेकरांमध्ये आपण पडायचं नसतं. त्याचे आईबाप हायेत ना.”

मी आत निघून गेले. कारण हायवेचं खरंच होतं! दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिळ्यावरची ती गुलाबी किल्ली खिशात घातली, मधल्या सुट्टीत खोलीपाशी जाऊन उभीसुद्धा राहिले. आणि मग वाटलं, उघडलं तर पुढे काय? घंटा झाली की मी शाळेत जाणार, छोटी शाळेत जाणार. तो दुकान उघडून थेट टेम्पोखाली. मी किल्ली परत खिळ्याला लावली. त्या दिवशी त्याने मला वडापाव विकला आणि मला अजिबात हसू आलं नाही.

मग मला पेटी आठवली. नाव नाही घातलं तरी चालतं ना! म्हणजे सांगायचं पण आणि शपथ पण मोडायची नाही. (पप्पांना आधीच माहीत होतं, ते धरायचं नाही.) मी डाव्या हाताने चिठ्ठी लिहिली, कारण माझं अक्षर अख्ख्या शाळेला माहीत. ‘हायवेच्या खोल्यांमध्ये एक लहान मुलगा दिवसभर कुलपात असतो. त्याच्या आईला रागावू नका. त्याच्या ताईची शाळा बंद करू नका. पण त्याला काढा.’ डाव्या हाताने हे एवढं लिहायला मला भूगोलाचा अख्खा तास लागला.

गुरुवारी माइक लावायच्या निमित्ताने सगळ्यांच्या आधी शाळेत आले. व्हरांड्यात कोणी नाही. चिठ्ठी टाकली. मला वाटलं पत्र्यावर टण्ण आवाज येईल आणि मी पकडली जाईन. पण आवाज आलाच नाही. कागदावर कागद पडावा तसं काहीतरी झालं. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

गुरुवार गेला. शुक्रवार गेला. शनिवारी मी मोठ्या बाईंच्या तोंडाकडे टक लावून बघत होते, शेवटी त्यांनीच विचारलं, “काय गं, माझ्या गालाला काही लागलंय का?” रविवारी मी बागेतून लांबून खोलीकडे बघून आले. कुलूप तसंच. पॅकहाऊसला रविवार नसतो.

आणि सोमवारी सरांनी माझ्या हातात नेहमीचा कागद दिला.

मी माइकसमोर उभी. सुविचार वाचला. बातम्या वाचल्या. ओळीत दुसरीचा वर्ग सगळ्यात पुढे, त्यात लाल आणि निळी रिबीन. मी वाचायला लागले, “गेल्या आठवड्यात तक्रार पेटी...”

आणि पुढचा शब्द तोंडातून निघेचना. कागदावर तो लिहिलेला होता. वर्षभर दर सोमवारी मी तो म्हटला होता.

“...निरंक नाहीये,” मी म्हटलं.

माइक कूंऽऽ करून ओरडला. सर पुढे आले. “नीट वाच. जे लिहिलंय ते वाच.”

“सर, पण पेटीत चिठ्ठी आहे.”

“तुला काय माहीत?”

“कारण मीच टाकलीय!” हे पण माइकवर. डावा हात, भूगोलाचा तास, सगळं एका सेकंदात वाया. अख्खी शाळा खो खो हसायला लागली. फक्त एक जण हसत नव्हतं. पहिल्या ओळीतून छोटी माझ्याकडे अशी बघत होती की मी ते डोळे अजून विसरले नाहीये.

मोठ्या बाई उठल्या. “किल्ली आणा.”

“बाई, किल्ली तुमच्या ड्रॉवरमध्ये असेल ना?” सर म्हणाले.

“माझ्या? मी या शाळेत आले तेव्हापासून तुम्हीच तर निरंक लिहून आणताय.”

“मला वाटलं तुम्ही उघडून बघता आणि...”

“आणि मला वाटलं तुम्ही.”

किल्ली होती त्यांच्याही आधीच्या एका सरांकडे, त्यांची बदली होऊन जमाना झाला होता. त्यानंतर पेटी कोणी उघडलीच नव्हती. कोणी वाईट नव्हतं हो. सगळ्यांना वाटत होतं दुसरा बघतोय.

मावशी स्वयंपाकघरातून खलबत्त्याचा लोखंडी बत्ता घेऊन आल्या. “सरका बाजूला. एवढ्याशा कुलपाला काय मीटिंग लावली?” दोन घाव. कुलूप खाली. झाकण उघडलं आणि आतून चिठ्ठ्या पडायला लागल्या. माझी सगळ्यात वर होती. तिच्याखाली किती तरी. पिवळ्या पडलेल्या, वहीच्या, कॅलेंडरच्या, बिस्किटाच्या पुड्याच्या कागदावरच्या.

मोठ्या बाई तिथेच व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या आणि वाचायला लागल्या. मी खांद्यामागे उभी. ‘पाचवीची मुलं बॉल देत नाहीत.’ ‘खिचडीत वाटाणे नसतात.’ (“कोण रे तो?” मावशी.) ‘सर, कान पिरगळायचा तर डावा पिरगळा, उजवा आधीच दुखतो.’ बाई तिथे हसल्या आणि लगेच हसायच्या थांबल्या. मग एक अगदी छोटा चौकोनी कागद, पेन्सिलीने लिहिलेला, पुसट. ‘मला घरी जायला भीती वाटते.’ नाव नाही. इयत्ता नाही. तारीख नाही.

बाईंनी तो उलटा केला, सुलटा केला, परत उलटा केला. ज्याने कोणी लिहिला तो किंवा ती केव्हाच शाळा सोडून गेलेली असू शकते. नंतर बाईंनी फार शोधलं, जुन्या वह्या काढून अक्षर जुळवून बघितलं. नाही सापडलं. कधीच नाही.

तो कागद त्यांनी पर्समध्ये ठेवला आणि उभ्या राहिल्या. “चल,” मला म्हणाल्या, “कुठल्या खोल्या?”

बाई, मावशी, छोटी आणि मी, चौघी निघालो. मी छोटीचा हात धरायला गेले तर तिने तो हिसकावून घेतला. “तू सांगितलंस.” एवढंच बोलली.

खोलीपाशी पोचेपर्यंत ऊन चांगलंच चढलं होतं. “दुकान उघडं हाय!” आतून आवाज. बाई खिडकीतून वाकून बघत होत्या. मावशींनी बत्ता आणलाच होता, त्या हात उगारणार तेवढ्यात मी म्हटलं, “थांबा, दुसरी किल्ली आमच्या घरी आहे.”

“पळ,” बाई म्हणाल्या.

मी द्राक्षांच्या ओळींतून वाकून, तारांना डोकं आपटत पळाले. किल्ली घेऊन परत येताना पप्पा बागेत भेटले. “काय झालं? कोण लागलंय मागं?” मी किल्ली दाखवली. ते हातातलं काम टाकून माझ्यासोबत निघाले.

कुलूप पप्पांनीच उघडलं. स्वतः आत गेले. त्या खोल्या त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतल्या होत्या, पण भर उन्हात आत ते कधी उभे राहिले नव्हते. मी दारातून बघत होते. त्यांनी वर पत्र्याकडे बघितलं. कोपऱ्यातल्या बादलीकडे बघितलं. एका मिनिटात त्यांचा शर्ट पाठीला चिकटला. बारक्याने त्यांच्या पायजम्याला हात लावून विचारलं, “काय पायजे?”

पप्पा त्याच्यासमोर वाकले. “काय हाये तुझ्याकडं?”

“बस हाय. पेठची.”

“दे मग,” पप्पा म्हणाले, आणि बसऐवजी त्यालाच उचलून बाहेर आले.

निरोप गेल्यावर त्याची आई पॅकहाऊसमधून पळत आली, डोक्याला ती जाळीची टोपी तशीच, हातात मोजे. तिला वाटलं मुलाला काही झालं. तो मावशींच्या मांडीवर बसून पाणी पितोय हे बघितल्यावर ती तिथेच खाली बसली. मग ओरडायला लागली, “मला हौस हाय का कुलूप लावायची? कामावर न्यायचं तर आत पोरांना घेत न्हाईत. उघडं ठेवलं तर गाड्या हायेत. मी काय करू, सांगा की! मी काय करू?”

“बाई, तुम्हाला कोणी रागवत नाहीये,” मोठ्या बाई तिच्याजवळ खाली मातीत बसल्या. चांगली इस्त्रीची साडी होती. “पण उद्यापासून हा कुलपात राहणार नाही. त्यावर बोलणंच नको. मग कुठं राहील, ते आत्ता इथं बसून ठरवू. ठरल्याशिवाय मी उठणार नाही.”

“आणि पोरीची शाळा?”

“तिची शाळा मी बंद होऊ देईन का?”

मावशी म्हणाल्या, “अंगणवाडी सुटली की माझ्याकडं आणून सोडा. पातेल्याएवढा तर हाये, मला काय जड होतोय?”

“आणि शाळा सुटल्यावर सातपर्यंत आमच्या ओट्यावर,” पप्पा म्हणाले. कोणी त्यांना विचारलं नव्हतं.

पप्पांनी चूक झाली असं तोंडाने कधीच म्हटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर ते शिडी लावून चारही खोल्यांच्या पत्र्यावर हिरवी शेडनेट बांधत होते. आणि ते पितळी कुलूप परत ट्रॅक्टरच्या शेडला लागलं. संध्याकाळी आमच्या ओट्यावर दुकान भरायचं. सीझन संपेपर्यंत पप्पा किमान चाळीस बसचे मालक झाले असतील.

छोटी आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. खिचडीला यायची, डबा पुढे करायची, दुसरीकडे बघायची. मी दाबून वाढायचे, ती काही म्हणायची नाही. मी चार वेळा सॉरी म्हटलं, एकदा माझी नवी लाल रिबीन दिली, ती तिने परत केली. नवव्या दिवशी आली. मी नेहमीसारखी दुसरी पळी भरली, तर तिने डब्यावर हात ठेवला.

“एकदाच वाढ,” म्हणाली. “तो इथंच खातो ना आता.”

आणि माझ्या शेजारी बसून खाल्लं. पहिल्यांदा मी तिला खाताना बघितलं. काय हळू खाते ती! एकेक शीत.

एप्रिलमध्ये ते गेले. जाताना बाईंनी तिच्या आईला हमीपत्रक दिलं, म्हणजे गावच्या शाळेत तिला त्याच वर्गात बसवून घेतात. पुढच्या सीझनला ते परत आले, त्यानंतर नाही आले. ती आता आठवीतल्या माझ्याएवढी झाली असेल. माइक असेल का तिच्याकडे, माहीत नाही. ते बूच मात्र माझ्याकडे आहे. दाखला हरवला, बूच नाही.

तर आज. दाखल्यासाठी आत गेले, मोठ्या बाई अजून इथेच आहेत, पुढच्या वर्षी रिटायर होतायत. टेबलाच्या काचेखाली टाइमटेबल, कॅलेंडर आणि कोपऱ्यात एक छोटा चौकोनी कागद. पेन्सिलीचं आता जवळजवळ काहीच दिसत नाही. मी बघतेय हे त्यांनी बघितलं आणि दाखल्याचा अर्ज माझ्यापुढे सरकवला.

पेटी ऑफिसपाशी नाहीये आता. स्वयंपाकघराच्या मागे, पाण्याच्या टाकीच्या वळणावर आहे, जिथे सगळीच मुलं दिवसातून दहादा जातात आणि कोण कशाला गेलं ते कोणाला कळत नाही. दर शुक्रवारी बाई आणि मावशी दोघी मिळून उघडतात. मावशींनी मला बघितल्याबरोबर, “आली बडबडी! दाखला हरवलास म्हणे? तोंड आहे ना जाग्यावर?”

आणि मी तिथे उभी असताना दुसरी-तिसरीतली दोन मुलं पाणी प्यायला आली. एकाने पाणी प्यायलं, तोंड पुसलं, खिशातून घडी घातलेला कागद काढून फटीत टाकला आणि पळाला. दुसऱ्याने बघितलं पण नाही. कोणी ओऽऽ ओऽऽ केलं नाही.

म्हणून मी इथे स्कूटीवर बसलेय आणि निघताच येत नाहीये.

आता तुम्ही सांगा. तुमच्या शाळेत होती का अशी पेटी? कुठे टांगलेली होती, आणि किल्ली कोणाकडे होती? आणि तुम्ही कधी त्यात टाकायला काही लिहून, चार वेळा घडी घालून, तिच्यासमोरून नुसतं चालत जाऊन, ते तसंच खिशात घालून घरी परत नेलंय का?